धुलाईयंत्राचा रुसवा

मागील अंकात आपण पाण्याच्या मोटारीविषयी बोललो होतो. त्यावर बडोद्याहून एका भगिनींचे पत्र आले. त्या लिहितात, ‘मोटारीचे झाले, पण आमच्या धुलाईयंत्राने ऐन पावसाळ्यात असहकार पुकारला आहे. पोटात पाणी धरून बसले आहे, दार उघडत नाही आणि आत मुलांचे गणवेश अडकले आहेत. त्याविषयी काही लिहाल का?’ पत्र वाचून मला प्रथम हसू आले आणि लगेच थोडे ओशाळल्यासारखेही झाले. हुबेहूब हाच प्रसंग आमच्या घरी येऊन गेला आहे. त्यातून जे बाहेर निघाले ते चारचौघांत सांगावे की न सांगावे, या विचारात मी बरेच दिवस होतो. आज सांगून टाकतो.

आमचे घर सुरतेला, उधन्याच्या बाजूस. आजोबा खानदेश सोडून यंत्रमागाच्या कामासाठी इकडे आले, आणि तेव्हापासून तापीचेच पाणी आमच्या वाट्याला आले आहे. तीन खोल्या, मागे एक गॅलरी, आणि तीत भांडी-धुण्याची मोरी. आमचे गुजराती शेजारी तिला ‘चोकडी’ म्हणतात आणि आता आमच्याही तोंडी तोच शब्द बसला आहे. दुपारच्या वेळी आमच्या सौभाग्यवती आणि शेजारच्या दोघी-तिघी साड्यांवर टिकल्या व खडे लावण्याचे, लोंबणारे धागे कातरण्याचे काम घेऊन बसतात. कापडबाजाराच्या या गावात असे काम घराघरांतून चालते. आमचे यंत्र पाच वर्षांचे, समोरून दार असलेले. घरातले धुणे आई पाहते. वय शहात्तर, पण ‘यंत्राची कळ दाबायला काय तारुण्य लागतं?’ असे म्हणून तिने ते काम आपल्याकडे ठेवलेले आहे.

आषाढातल्या एका सकाळी यंत्र मध्येच थांबले. पाणी काढण्याची वेळ आली की ते घुं घुं करी, मग दमल्यासारखे गप्प होई आणि फलकावर एक खूण लुकलुकू लागे. दुरुस्ती केंद्राला दूरध्वनी केला. पलीकडच्या गृहस्थांनी लक्षणे ऐकून सांगितले, “बहुधा बोर्ड गेला असेल. सहा-सात हजार धरून चाला. माणूस चार दिवसांनी येईल.” त्यांना मी दोष देत नाही, यंत्र न पाहता कोणीही अंदाजच सांगणार. पण त्या चार दिवसांत धुणे कोणी केले असेल? पहाटे आम्ही उठण्यापूर्वी आई चोकडीत पाटावर बसून धोक्याने कपडे आपटीत होती. तिचे गुडघे दुखतात, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी तिला तशी बसलेली पाहिली आणि मला राहवेना. त्या दिवशी रविवार होता. मी माझ्या मावसबहिणीच्या यजमानांना बोलावून घेतले. हे भाऊजी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत. तीस वर्षे मागांच्या संगतीत काढलेला माणूस.

भाऊजींनी यंत्राकडे पाहिले आणि म्हणाले, “अहो, माग थांबला की आम्ही लगेच मोटारीकडे धावत नाही. आधी तुटलेला धागा शोधतो. शंभरातले नव्वद माग धाग्यापायी थांबतात.” यंत्र दुरुस्त करण्याची सारी विद्या या एका बोलण्यात आली, असे मला आजही वाटते. जे स्वस्त, जे बाहेरून दिसणारे, जे आपल्या हाताने होण्याजोगे, ते आधी तपासावे. बोर्ड, मोटार आणि आतल्या वायरी यांचा विचार सर्वांत शेवटी.

आता आम्ही जे केले ते क्रमाने सांगतो. बडोद्याच्या भगिनींना ते जसेच्या तसे करता येईल.

प्रथम कळ बंद करून यंत्राची पिन भिंतीतून बाहेर काढली. केवळ कळ बंद करणे पुरेसे नाही. पिन हातात आलेली डोळ्यांना दिसली पाहिजे. गरम पाण्याची धुलाई चालू असेल तर ते पाणी निवेपर्यंत थांबावे. यंत्राच्या पुढच्या अंगास, अगदी तळाशी, बहुतेक उजव्या कोपऱ्यात एक लहानशी झडप असते. तिच्यामागे गोल फिरकीचे झाकण असते, तीच गाळणी. पाणी उपसणाऱ्या पंपाच्या तोंडाशी ती बसविलेली असते. काही यंत्रांत शेजारी बोटाएवढी रबरी नळी असते. तिचे बूच काढून पाणी आधी सोडता येते. आमच्या यंत्रात ती नव्हती. म्हणून खाली पसरट परात ठेवून झाकण किंचित सैल केले, परात भरत आली की पुन्हा घट्ट केले, परात ओतून आलो आणि पुन्हा सैल केले. अशा अकरा पराती झाल्या. घाई करून झाकण एकदम काढले असते तर गॅलरीची तापी झाली असती.

पाणी संपल्यावर गाळणी बाहेर काढली. तिच्याभोवती लोकरीच्या गुंड्यासारखा धाग्यांचा गुंता, त्यात चिकटलेल्या मूठभर सोनेरी टिकल्या, एक केसांचा आकडा आणि एक रुपयाचे नाणे! साड्यांचे काम करताना टिकल्या लुगड्याच्या ओच्यात पडत, तेथून धुण्यात जात आणि पंपाच्या तोंडाशी येऊन साचत. मग विजेरीच्या उजेडात त्या पोकळीत पाहिले. आत पंपाचा लहान पंखा दिसतो. पिन बाहेर आहे याची पुन्हा खात्री करून तो बोटाने हलवून पाहावा. तो सलग न फिरता झटके देत फिरतो. आत चुंबक असतो, त्यामुळे तसे होते. तो बिघाड नव्हे. पंखा अडत असेल तर त्यात धागा किंवा काडी अडकली आहे असे समजावे. आमच्या पंख्याच्या आसाला जरीचा एक तार गुंडाळला होता. भाऊजींनी तो चिमट्याने अलगद सोडविला.

यानंतर पाणी बाहेर नेणारी नळी पाहिली. ती कोठे दुमडलेली नसावी. तिचे तोंड जमिनीवर टाकू नये. साधारणपणे ते साठ ते शंभर सेंटिमीटर उंचीवर असावे, आणि नेमकी उंची पुस्तिकेत दिलेली असते. नळी फार खाली असली तर एकीकडे पाणी भरते आणि दुसरीकडे आपोआप वाहून जाते. यंत्र तासन्‌तास पाणीच घेत राहते आणि गृहिणी नळाला दोष देत बसते. गाळणी धुऊन घट्ट बसविली, पिन लावली, फक्त पाणी काढण्याचा क्रम लावला. पाणी सरसर वाहून गेले, मिनिट-दोन मिनिटांनी दाराचे कुलूप ‘टक्‌’ असे सुटले. सहा-सात हजारांचे काम एका रुपयाच्या नाण्यात उरकले, म्हणून आम्ही सर्व आनंदात होतो. चहा झाला.

चहा पिता पिता आई म्हणाली, “आता त्या मुंग्या यायच्याही थांबतील ना रे?”

“कसल्या मुंग्या?” मी विचारले.

“यंत्राला ओला हात लागला की येतात त्या. बोटांत झिणझिणतं. हल्ली मी रबरी चपला घालूनच जाते आणि कोरड्या फडक्यानं दार उघडते.”

भाऊजींनी कप खाली ठेवला आणि एक शब्द न बोलता जाऊन पिन उपटली. मग परत येऊन त्यांनी विचारले, “मावशी, हे केव्हापासून होतंय?”

“यंत्र गॅलरीत आणलं तेव्हापासून. झाला असेल दीड महिना.”

“आणि आई, तू बोलली नाहीस?” माझा आवाज थोडा चढलाच असावा.

“काय बोलायचं? मला वाटलं, वयच झालंय, हातांना मुंग्या येणारच. शिवाय तू एवढ्या हौसेनं जागा बदलून दिलीस. पुन्हा खर्चात कशाला पाडू तुला?”

ज्येष्ठ महिन्यात न्हाणीघरात जागा अपुरी पडते म्हणून मी यंत्र गॅलरीत हलविले होते. तेथे भिंतीत विजेची जागा नव्हती. म्हणून घरात पडून असलेली एक जोडवायर मी घेतली. गणपतीच्या रोषणाईसाठी आणलेली ती वायर. तिच्या टोकाला तीन भोकांची पेटी बसविली आणि काम भागविले. भाऊजींनी ती पेटी उघडून माझ्यापुढे धरली. भोके तीन, पण आतून आलेल्या तारा दोनच. तिसरे, वरचे मोठे भोक रिकामे होते. वायरीचे आवरणही एका ठिकाणी उष्णतेने मऊ पडले होते. पेटी मी बसविली होती, स्क्रू मी आवळले होते, आणि काम झाल्यावर ‘बघ, मिस्त्रीचे पैसे वाचविले,’ असेही मीच म्हणालो होतो.

वाचकहो, या तिसऱ्या तारेची गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे. तीन पिनांतील वरची जाड आणि लांब पिन ही भूमीची, म्हणजे अर्थिंगची. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते. कारण ती भिंतीत सर्वांत आधी जुळावी आणि सर्वांत शेवटी सुटावी. यंत्राचा सारा पत्र्याचा सांगाडा या पिनेला जोडलेला असतो. आतल्या वायरीचा वा तापकाचा प्रवाह चुकून सांगाड्यावर आला, तर तो या तारेने जमिनीत निघून जातो. तार नसेल तर तो वाट पाहत थांबतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात लागला की त्या देहातून जमिनीकडे जातो.

मग आईला आलेल्या त्या मुंग्या कशाच्या? नव्या यंत्रांत विजेतील खळबळ गाळणारे लहानसे भाग असतात. ते प्रवाहाचा अगदी थोडा अंश सांगाड्याकडे सोडतात. अर्थिंग असेल तर तो मुकाट्याने जमिनीत जातो आणि आपल्याला कळतही नाही. अर्थिंग नसेल तर बोटांना झिणझिण्या येतात. एवढी गळती सहसा घातक नसते. पण ‘या यंत्राला भूमी नाही’ असे ती स्पष्ट सांगत असते. पाणी तापविणाऱ्या नळीला उद्या बारीकशी चीर पडली असती, तर त्याच सांगाड्यावर २३० व्होल्टचा दाब आला असता. पुढचे मी लिहीत नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. यंत्र बंद होते ते तीन-चार दिवस ‘म्हातारीला हाताने धुवावे लागते’ म्हणून आम्ही हळहळत होतो. खरे पाहता दीड महिन्यात तेवढेच दिवस ती सुरक्षित होती.

दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमन बोलाविला. त्याने गॅलरीत स्वतंत्र सोळा अँपिअरची जागा केली आणि तेथवर अडीच चौरस मिलिमीटरची, तांब्याच्या तीन तारांची वायर आणली. हिशेब सोपा आहे. पाणी तापविणारे यंत्र सुमारे २००० वॅट घेते. २३० व्होल्टवर तो प्रवाह जवळजवळ नऊ अँपिअर होतो. सहा अँपिअरच्या जागेवर किंवा रोषणाईच्या वायरीवर हा भार टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. नंतर त्याने इमारतीचे अर्थिंग जिवंत आहे की नाही, हेही मोजून पाहिले. भिंतीत तिसरे भोक आहे म्हणून त्यामागे तार आहेच, असे मानू नये. आणखी एक वाईट खोड काही कारागिरांत आढळते: अर्थिंग सापडले नाही की ते न्यूट्रल तारेचा एक तुकडा अर्थिंगच्या भोकाला जोडून देतात. मुंग्या थांबतात, गिऱ्हाईक खूश होते. पण ती न्यूट्रल तार मागे कोठे तुटली, तर यंत्राचा सांगाडाच जिवंत होतो. असे काम करू देऊ नये.

मुख्य फळ्यावर त्याने तीस मिलिअँपिअरचा गळतीरक्षक बसविला. त्याला बाजारात आरसीसीबी म्हणतात. नेहमीची एमसीबी वायरीला जपते. माणसाला जपण्याचे काम हा गळतीरक्षक करतो. त्यावर चाचणीचे एक बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबताच वीज गेली म्हणजे तो जागा आहे. आमच्याकडे ते काम आता आईने संकष्टीच्या दिवसाशी बांधून टाकले आहे.

असो. बाकीच्या रुसव्यांविषयी थोडक्यात सांगतो.

यंत्र पाणी घेत नसेल तर आधी नळ उघडा आहे ना ते पाहावे. मग पाणी येणारी नळी सोडवून तिच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी पाहावी. टाकी धुतल्यानंतर तीत हमखास गाळ बसतो. जुन्या दातघासणीने ती साफ होते. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकीची उंची कमी पडते. पुष्कळ यंत्रांना निदान तीन मीटर उंचीचा तरी दाब लागतो. आपल्या यंत्राचा आकडा पुस्तिकेत पाहावा.

पिळताना यंत्र नाचत असेल तर चारही पाय टेकले आहेत का ते पाहावे. एकटीच चादर घातली तर ती ओली होऊन गोळा होते व तोल जातो. सोबत दोन-चार कपडे घालावेत. यंत्र नवीन असेल तर वाहतुकीसाठी मागे लावलेले लांब बोल्ट काढले आहेत का, ते आवर्जून पाहावे.

फेस दाराबाहेर येत असेल तर पूड बदलावी. १९६९ साली अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी ‘निरमा’ सुरू केली आणि सोडा व साबणाच्या वड्यांवर चालणाऱ्या घराघरांत धुण्याची पूड पोहोचली. पण बादलीसाठीची पूड वेगळी आणि समोरून दाराच्या यंत्रासाठीची, कमी फेसाची पूड वेगळी. फेस जास्त म्हणजे कपडा स्वच्छ, हा आपला जुना समज येथे चालत नाही. फेसाने पंपही अडखळतो.

पाणी जड असेल, आणि कूपनलिकेचे पाणी पुष्कळदा जड असते, तर तापकावर क्षारांचा थर बसतो. कपडे राठ होतात, वीज अधिक लागते. पुस्तिकेत मनाई नसेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा शंभर ग्रॅम लिंबाची फुले, म्हणजे सायट्रिक अॅसिड, रिकाम्या पिंपात घालून साठ अंशांवर एक धुलाई करावी. मात्र त्याच वेळी कपडे पांढरे करण्याचे ब्लीच कदापि घालू नये. दोहोंच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो.

दोन पिंपांच्या अर्धस्वयंचलित यंत्रात धुण्याची चकती फिरत नाही, पण मोटार गुणगुणते, तेव्हा बहुधा पट्टा सुटलेला असतो किंवा कपॅसिटर क्षीण झालेला असतो. पिळण्याचे पिंप फिरत नसेल तर आधी झाकण नीट मिटले आहे का ते पाहावे. कपॅसिटरला मात्र घरच्यांनी हात लावू नये. पिन काढल्यानंतरही त्यात वीज साठून राहू शकते. गाळणी, जाळी, नळ्या, पाय आणि रबराची कड एवढे आपले राज्य. मागचा पत्रा काढला की कारागिराचे राज्य सुरू होते.

सुरतेच्या माणसाला आणखी एक धडा मिळालेला आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडले गेले आणि तापीने शहराचा मोठा भाग व्यापला. पाणी ओसरल्यावर तळमजल्यांवरची यंत्रे चिखलाने भरून उभी होती. अशा वेळी ‘चालते का पाहू’ म्हणून कळ दाबण्याचा मोह होतो. तो आवरावा. पुराचे पाणी शिरलेले यंत्र उघडून, धुऊन, पूर्ण वाळवून आणि जाणकाराने तपासूनच चालू करावे. तोवर त्याची पिन भिंतीपासून दूर असावी. ज्या गावांना नदी आहे त्या सर्व गावांतील वाचकांनी हे ध्यानी ठेवावे.

बडोद्याच्या भगिनींनो, गणवेश निघतील. परात तेवढी मोठी घ्या. पण गाळणी उघडण्यापूर्वी घरात जे कोणी रोज यंत्र हाताळते, मग त्या सासूबाई असोत वा कामाला येणाऱ्या बाई, त्यांना शेजारी बसवून विचारा, “याला हात लावल्यावर काही जाणवतं का?” उत्तर पूर्ण ऐकून घ्या. मी ते दीड महिना उशिरा ऐकले.

आमच्या आईने त्या जुन्या जोडवायरीची गुंडाळी करून माळ्यावर टाकली आहे. तिच्यावर सुतळीने एक पुठ्ठा बांधला आहे आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: ‘फक्त गणपतीसाठी.’

पुढील अंकी गीझर व इस्त्री.